स्टेअरिंगमधली हवा काढण्याचे दिवस

२१ एप्रिल, संध्याकाळ
बाबांच्या पिकअपचं स्टेअरिंग दगडासारखं जड झालंय. वळवलं की घूं घूं आवाज. बाबांचा उजवा खांदा आधीच दुखरा. आमच्या दिवा गावात भाडेकरू सारखे घर बदलतात, त्यांचं सामान हलवणं हाच बाबांचा धंदा. तीस तारखेला अक्षय्य तृतीया, एका दिवसात तीन घरं हलवायची आहेत. आणि मेकॅनिक दर्शनदादा बहिणीच्या लग्नाला गावी गेलाय. दुसऱ्या कुणाचा हात बाबा गाडीला लावू देत नाहीत. म्हणाले, तोवर जमलं नाही तर गाडी काकाच्या प्रणितला कायमची देऊन टाकतो आणि घरी बसतो.

बॉनेट उघडून बघितलं. स्टेअरिंग ऑइलच्या टाकीत बुडबुडे. म्हणजे सिस्टीममध्ये हवा शिरलीय. म्हटलं, हवा मी काढते. बाबा म्हणाले, "वा! घरात बीएस्सी फिजिक्स असताना दर्शनची गरजच काय!"

एवढा विश्वास पुरेसा आहे.

२२ एप्रिल
सहा व्हिडिओ पाहिले. नोट्स काढल्या, दोन रंगांत. काम तासाभराचं. उरलेल्या दिवसात गल्लीतल्या बायकांसाठी दुरुस्ती-साक्षरतेचा आराखडा करायचा. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून हे माझं कर्तव्यच आहे.

२३ एप्रिल
टाकीवर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा असतात. मी मॅक्सच्याही वर भरलं. कमीत समाधान मानायचा माझा स्वभाव नाही.

इंजिन चालू करून स्टेअरिंग फिरवलं. लाल ऑइल फेसाळून उतू गेलं, थेट आईने वाळत घातलेल्या जवळ्यावर. समोरच्या कमळाबाई दारातून ओरडल्या, "बोकर कापलास काय गो? नि आमाला वशाट नाय?" त्यांना हवेचा दाब समजावून सांगितला. मान डोलावत ऐकलं त्यांनी.

संध्याकाळी मटणासाठी वाटी घेऊन आल्या.

आईने जवळा फेकून दिला. तिला प्रयोगाचं महत्त्व कळतं.

२५ एप्रिल
कालचा दिवस चिंतनात गेला. चूक सापडली. इंजिन बंद हवं, पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचललेली हवीत. मग स्टेअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीस फेऱ्या. टाकीतलं ऑइल उतरलं की थोडं थोडं ओतायचं. ओतायला आईला बसवलं (सोपं काम).

विसाव्या फेरीला बुडबुडे बंद!!!

लगेच गल्लीच्या ग्रुपवर टाकलं: रविवारी सकाळी दहा, कार्यशाळा, 'माझी गाडी, माझे हात'.

संध्याकाळी बाबा स्टेशनपर्यंत चक्कर मारून आले. घूं घूं. टाकीत पुन्हा फेस. उन्हामुळे असणार.

२६ एप्रिल
आज चाळीस फेऱ्या. दंड भरून आले. हवा गेली. दीड तासाने आली.

आई म्हणाली, "हवा कारतेस ती कार, पन येते कुठशी ती?" प्रश्न प्रेमापोटी होता, पण सहाही व्हिडिओंत नाही. पुढे गेले.

२७ एप्रिल, रविवार
कार्यशाळेला तीन बायका. निशाताई मध्येच उठणार होत्या, पण त्यांची चप्पल मी ज्या खुर्चीवर बसले होते तिच्याखाली होती. स्वावलंबनावर पन्नास मिनिटं बोलले. मग प्रात्यक्षिक. फेस आला. सांगितलं की विज्ञानात अपयश हासुद्धा एक निकाल असतो. कमळाबाई म्हणाल्या, "ह्यो निकाल आमी बुधवारीच बगला."

सर्वांना सहभागाची प्रमाणपत्रं दिली.

२८ एप्रिल
प्रणित येऊन गेला. गाडीत बसला, सीट मागे सरकवली, आरशाचा कोन बदलला. म्हणाला, "काका, टेन्शन नको, मी सांभाळतो ना." बाबांनी त्याला उद्या संध्याकाळी किल्ली न्यायला ये म्हणून सांगितलं.

तो गेल्यावर बाबा बराच वेळ गाडीपाशी होते. मग सीट पुन्हा पुढे घेतली. आरसा पूर्वीसारखा केला.

आज नोट्स वाचल्या नाहीत.

२९ एप्रिल, दुपार
कालपर्यंतच्या शंभर, आजच्या चाळीस. एकशे चाळीस फेऱ्या आणि फेस तसाच. हात उचलत नाही. बाबा ओट्यावर बसून किल्लीच्या जुडग्यातून घराची किल्ली वेगळी काढत होते.

आई पाणी भरून आली. तशीच पदर खोचून वाकली. टाकीखालून निघणारा रबरी पाईप चाचपला. जोडापाशी बोट ओलं झालं. म्हणाली, "पान्याची मोटार हवा धरते तवा मी काय नुसत्या बादल्या ओतत बसते? जोड आवलते." स्क्रूड्रायव्हर घेतला, तिथली क्लिप तीन आटे आवळली. "आता फिरव."

वीस फेऱ्या. इंजिन चालू. आवाज नाही.

बाबा खाडीपर्यंत जाऊन आले. टाकीत एक बुडबुडा नाही.

निष्कर्ष: माझी पद्धत एकशे साठाव्या फेरीला यशस्वी. (दरम्यान आईने एक क्लिप आवळली.)

संध्याकाळ
प्रणित आला, चहा पिऊन गेला. किल्ली बाबांच्या खिशात.

बाबा अजून माझ्याशी त्याबद्दल काही बोललेले नाहीत. सकाळी निघताना बोलतील. उत्तरादाखल मलाही दोन शब्द बोलावे लागतील. तीन मुद्दे काढले.

३० एप्रिल, सकाळी सव्वासात
मुद्दे तळहातावर लिहून साडेसहालाच गाडीपुढे उभी राहिले. बाबा आले. आई आली, पुढच्या सीटवर चढून बसली. बाबांनी तिला विचारून घेतलं, पाईप बघितलास का. तिने बघितला होता.

मग खिडकीतून डोकं काढून मला म्हणाले, "सरक गो बाजूला, उशीर व्हतोय."

सरकले.

गल्लीच्या तोंडाशी वळण अवघड आहे. बाबांनी ते एका हाताने घेतलं, डाव्या. उजवा नुसता मांडीवर पडला होता, आणि ते आईचं काहीतरी ऐकून हसत होते.

तळहात घामाने निळा झालाय. वाचता येत नाही. तसेही तिन्ही मुद्द्यांत मीच होते.