शेरूचा वाडगा

१२ जानेवारी, रविवार. लखनऊ.

दुपारी नातीबरोबर, चिनीबरोबर, युद्धातल्या प्राण्यांचा कार्टून सिनेमा पाहिला. हॉलभर हशा. त्यातला सैनिक कुत्र्याला खायला घालून मगच जेवतो, तेव्हा चिनी म्हणाली, "आजी, ये तो अपने आबा निकले." मला हसता आलं नाही.

हे फौजेच्या श्वानपथकात होते. रिटायर झाल्यावरही शेरूचं खाऊन होईपर्यंत त्याच्या वाडग्याशेजारी जमिनीवर बसायचे. हे गेल्यापासून शेरू नीट खात नाही. मी वाडगा ठेवते आणि ओट्याकडे वळते. हेच चुकत असेल का?

चिनीला सरोजिनी नगरला सोडून घरी आले. वाडगा भरला. गुडघे दुखतात, तरी खाली बसले. बऱ्याच वेळाने शेरूने वाडग्यात तोंड घातलं. मग मी माझं ताट वाढून घेतलं.