आत्याचं बटण

३ मार्च
आत्याच्या गळ्यात बटण अडकवलं. दाबलं की माझ्या खोलीत घंटा वाजते. खुब्याच्या ऑपरेशननंतर एवढं हवंच. म्हणते, "गाईच्या गळ्यात घंटा असते. इथे घंटा वासराच्या खोलीत!"

तसाच दुसरा संच खालच्या शिंप्याच्या दुकानात. गिऱ्हाइकाने काउंटरवरचं बटण दाबायचं, आत मशीनपाशी घंटा. दोन्ही मी बनवलेले. चाचणीत टिकले तर आमची कंपनी ते बाजारात आणणार.

दुसऱ्या शहरातून मला नोकरीचं बोलावणं आलंय, त्याचं आत्याने पुन्हा विचारलं. मी विषय बदलला. तिला एकटं ठेवून जायचा प्रश्नच नाही.

६ मार्च
शिंपी जिन्यात भेटला. "ताई, घंटा वाजते आणि बाहेर चिटपाखरू नाही! भुतं कपडे शिवून घ्यायला लागली का?"
बॅटरी बघते म्हटलं. बॅटरी उत्तम आहे.

८ मार्च
भूत सापडलं — आत्या!

प्रत्येक चिपवर कारखान्यातच एक लांबलचक क्रमांक कोरलेला असतो, तिचा एकटीचा. बटणाच्या त्या क्रमांकातून मी गुप्त किल्ली बनवते. तिने बंद केलेला संदेश फक्त जोडीच्या घंटेला उघडता यावा. पण मी क्रमांकाचा पुढचा तुकडाच घेतला होता, आणि तो एका लॉटमध्ये बनलेल्या सगळ्या चिपांना सारखा! आत्याने दाबलं की शिंपी उठतो. गिऱ्हाइकाने दाबलं की माझी रिकामी खोली वाजते.

"दिवसभर वाजते खरी," आत्या म्हणाली. "मला वाटलं, तुमच्या यंत्रांत असंच असतं."
पण मी ऑफिसात असताना ही बटण का दाबते? "सहज."

९ मार्च
पूर्ण क्रमांक घेऊन किल्ल्या नव्याने भरल्या. वर दाबलं, खाली शांत. खाली दाबलं, वर शांत. चोख.

आत्याचं तोंड एवढंसं. "चांगलं चाललेलं बिघडवायला शिकवतात वाटतं तुम्हाला." शिंपीही खूश दिसला नाही.

१० मार्च
आत्याच्या उशाशी चहाचे दोन कप.
"दुसरा कुणाचा?"
"शिंपी भूत शोधत वर आला होता, त्याचा. मग घंटा वाजली की यायचा. आता रोजच येतो."
मी कप विसळले.

११ मार्च
घंटा वाजली. धावत गेले. आत्या मजेत बसलेली.
"माझ्या बटणाची एक घंटा शिंप्याकडे लाव. या खेपेला चुकून नको. त्याला विचारलंय, तो हो म्हणाला. आता तू त्या नोकरीला हो म्हण."