घरात घेतलेलं पाणी

१९ नोव्हेंबर २०१८

टेकडवाडीला पोचले. शिरूर कासारहून मिळालेली जीप वेशीच्या अलीकडेच थांबली. पुढे पिशव्या घेऊन उन्हात चालले. तरी मन हलकं आहे, विद्यापीठाच्या पाण्याच्या यंत्रावर काम मिळालंय. माझे मालक शहादेव गेल्यापासून अंबाजोगाईच्या खोलीत त्यांच्या रिकाम्या खाटेकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं. दूध सोसायटीचे चेअरमन सुंदरराव दारापर्यंत घ्यायला आले. दूध सोसायटीच्या चेअरमनकडं पावडरच्या दुधाचा चहा, असं म्हणून स्वतःच हसले.

गाव जवळजवळ रिकामं आहे. दिवाळी झाली की जोडपी ऊस तोडायला कारखान्यांवर जातात, लेकरं बरोबर नेतात, मागे म्हातारी माणसं राहतात. यंदा दुष्काळामुळे जनावरंही चारा छावणीत. हंगामात ही म्हातारी माणसं रात्री सोसायटीच्या दूध जमा करायच्या खोलीत एकत्र झोपतात. एकट्या घरात कोणी गेलं तर निदान कळावं, म्हणून. प्रत्येकाची गोधडी आणि जागा ठरलेली. मलाही खिडकीजवळचा कोपरा मिळाला. बंकट आजोबा म्हणाले, सगळ्यांत तरणी तूच हायस, आता आमचं घोरणं ऐकायची सवय कर.

२४ नोव्हेंबर

यंत्र चालू झालं. विद्यापीठातून निलोफर मॅडम आल्या होत्या. त्या पदार्थविज्ञानातल्या. बोलायला साध्या, जमिनीवर मांडी घालून जेवल्या.

यंत्र म्हणजे मोठ्या दारासारखी आडवी चौकट, वर काचेचं झाकण, आत बारीक जाळीत पिवळसर भुकटी. बेसनासारखी दिसते. रात्री झाकण उघडं ठेवायचं, भुकटी कोरड्या हवेतूनही ओलावा ओढते. सकाळी झाकण लावून उन्हात ठेवायचं. मग ती तापते, ओलावा सोडते, तो काचेवर घामासारखा जमतो आणि नळीतून पिंपात पडतो. मॅडम म्हणाल्या, यातल्या चमचाभर भुकटीची आतली भोकं उलगडून पसरली, तर गावचं गायरान झाकलं जाईल. मी पुन्हा विचारलं. त्या कंटाळल्या नाहीत.

एक नियम त्यांनी बजावून सांगितला. रात्री चौकट उघड्या माळावर, माणसांपासून लांब ठेवायची. हवा कोणाची ते भुकटीला कळत नाही. श्वासातलं पाणी त्यात आलं तर प्रयोग खोटा ठरेल, आणि तिच्याजवळ झोपल्याने माणसाचं काय होतं ते अजून कोणी तपासलेलं नाही.

आरोग्य केंद्राच्या सिस्टरने सगळ्यांची वजनं घेतली. चांगलं पाणी मिळाल्यावर म्हाताऱ्यांची तब्येत सुधारते का, हेही त्यांना बघायचं आहे. माझ्याकडे काम एवढंच, चौकट सांभाळायची आणि पाणी वाटायचं.

२ डिसेंबर

आज खोलीतल्या सत्यभामा मावशी माझ्या हातचं पाणी प्यायल्या.

लिहिण्यासारखं वाटणार नाही, पण माझ्यासाठी आहे. माझ्या आजीला गावच्या आडाजवळ उभं राहू देत नव्हते. ती लांब थांबायची आणि कोणी वरून ओतलं तर घरी आणायची. आम्ही बौद्ध आहोत हे इथे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं. पहिले काही दिवस म्हाताऱ्या बायका स्वतःच तांब्या बुडवून घ्यायच्या, मला शिवू देत नव्हत्या. आज मावशींनी ओंजळ पुढे केली. म्हणाल्या, घाल गं बाई, आता काय सोबत न्यायचंय.

मग बाकीच्यांनीही ओंजळी धरल्या. मी रात्री शहादेवच्या फोटोला सांगितलं.

पाणी मात्र कमी पडतं. पिंपाचा तळ जेमतेम झाकला जातो. टँकर कधी येतो, कधी नाही.

९ डिसेंबर

मावशी आज सकाळी चौकटीजवळ बसून होत्या. त्यांचं म्हणणं, पाणी घरात ठेवायचं असतं, घडवंचीवर, माणसांच्या सावलीला. माळावर रात्रभर पाणी एकटं टाकलं तर ते कशाला थांबंल? बंकट आजोबांनी मान हलवली. सगळ्यांचं एकमत झालं.

मी नियम सांगितला. पण नीट सांगितला नाही. प्रयोग खोटा ठरेल एवढं सांगितलं, दुसरी गोष्ट सांगितली नाही. मला वाटलं, एखाद्या रात्रीने काय होतंय. वाऱ्याने जाळीत धूळही बसत होती. दुधाच्या कॅनची जुनी चाकाची गाडी होती, तिच्यावर चौकट ठेवून संध्याकाळी खोलीत घेतली, सगळ्यांच्या मधोमध. मावशींनी तिला हळदकुंकू लावलं.

१० डिसेंबर

पिंप भरलं. काठोकाठ. म्हाताऱ्या बायका हसत होत्या. बंकट आजोबांनी कितीतरी दिवसांनी दाढी केली.

१९ डिसेंबर

मॅडम आणि सिस्टर येऊन गेल्या. सुंदररावांना आधी फोन आला होता, त्यामुळे रोज रात्री आत असणारी गाडी मी आदल्या संध्याकाळीच भरलेल्या पिंपासकट माळावर नेऊन ठेवली.

पिंप बघून मॅडमचे डोळे भरले. उघड्यावर, एवढ्या कोरड्या हवेत, एवढं? मी हो म्हटलं. सगळ्यांसमोर त्या पेलाभर पाणी प्यायल्या, आणखी मागून घेतलं. पाण्याची तपासणी झाली, म्हणाल्या, इतकं शुद्ध पाणी जिल्ह्यात नसेल. आता आष्टीकडच्या गावांनाही अशा चौकटी देणार आहेत.

सिस्टरला वजनं घटलेली दिसली. तिने विचारायच्या आत मीच बोलले की मार्गशीर्षातले गुरुवार धरलेत सगळ्यांनी. तिने तसंच लिहून घेतलं. मला गुरुवारातलं काय कळतं? मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी उपास धरलेला नाही.

सुंदररावांनी सोसायटीतर्फे मला साडी दिली. भिमाबाईनं गावाला पाणी पाजलं, असं म्हणाले. मी साडी घेतली.

२८ डिसेंबर

सकाळी उठलं की सगळ्यांचे ओठ चिकटलेले असतात. बोटाने ओले करून सोडवावे लागतात. जीभ टाळ्याला चिकटते. उठल्या उठल्या सगळे पिंपाकडे जातात आणि पीत राहतात. मीही.

बंकट आजोबांच्या हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. ते गंमत म्हणून सगळ्यांना दाखवत होते. म्हणाले, पापड झालोय बघ, तळायचा राहिलोय.

मी हसले नाही. शहादेवची कातडी शेवटी अशीच झाली होती. पण त्यांच्या घशाला कॅन्सर होता, त्यांना गिळता येत नव्हतं. बंकट आजोबा दिवसभर पाणी पितात.

ते कुठलं पाणी पितात हे मला आज कळलं. म्हणजे आधीच कळलं होतं. आज लिहिते आहे. रात्री त्यांच्यातून जे निघतं तेच मी सकाळी ओंजळीत घालते, आणि प्रत्येक वेळी थोडं चौकटीतच राहतं.

५ जानेवारी

बंकट आजोबा गेले. सकाळी हलवलं तर गोधडीसकट उचलले गेले. मी एकटीने उचलले. डोळे उघडे होते आणि त्यांवर काही चकाकत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, वय आणि थंडी. सुंदररावही तेच म्हणाले. मीही मान डोलावली. मातीला गेले, परत आले, हात धुतले. त्याच पाण्याने.

६ जानेवारी

चौकट माळावर नेली.

८ जानेवारी

पिंपात पेलाभर. टँकर नाही. मी सगळ्यांना बसवून खरं सांगितलं. वाटलं होतं शिव्या देतील. कोणी दिल्या नाहीत. एक म्हातारी म्हणाली, आमचंच हाय तर आमाला परत दे की. मावशींनी विचारलं, माझी सून पोटुशी हाय, तिकडं उसाच्या फडात हाय, ती येईपर्यंत जगायचंय मला, तू काय पाजणार? नातवाला मांडीवर घेतलं की मग ने तुझी चौकट कुठं न्यायची ती.



संध्याकाळी गाडी आत कोणी आणली, तर मीच. कोणी जबरदस्ती केली नाही. मला त्या रिकाम्या ओंजळी बघवल्या नाहीत. हे खरं आहे. आणि उद्या त्या ओंजळी माझ्यापुढे यायच्या थांबतील, हेही बघवलं नसतं. तेही खरं आहे.

२१ जानेवारी

भुकटी वाढते आहे.

जाळीबाहेर बारीक पिवळे काटे आलेत, मिठाच्या खड्यांसारखे. गाडीच्या चाकावर आहेत. फरशीच्या फटीत आहेत. मॅडमने भुकटी वाढते असं सांगितलं नव्हतं. उघड्या हवेत वाढत नसेल.

शहादेवच्या वेळी डॉक्टरांनी समजावलं होतं, की प्रत्येक पेशीला कुठे थांबायचं ते माहीत असतं. ज्या पेशीतून ते पुसलं जातं ती वाढतच राहते, आणि ज्या शरीरावर वाढते त्यालाच खाते. मी मग मिळेल ते वाचत गेले. त्यातली एक गोष्ट तेव्हा सगळ्यांत भीतीची वाटली होती. ती पेशी एका जागी राहत नाही. रक्ताबरोबर जाते, लांब कुठेतरी घर करते. घसा कापून काढला तरी —

आज मावशींच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात पिवळं काहीतरी होतं. पदराने पुसलं. खरखरीत लागलं.

२ फेब्रुवारी

आणखी दोघी गेल्या.

चौकट फोडली. भुकटी पोत्यात भरून कोरड्या विहिरीत टाकली. हात घासून घासून धुतले. टँकर आला आहे. आता संपलं.

६ फेब्रुवारी

संपलं नाही.

उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते, सकाळी कोरडा असतो. झाकण असतं. मावशींनी भिजवलेली कणीक मळता मळता भेगाळली. मी कडुलिंबाची हिरवी डहाळी तोडून उशाशी ठेवून बघितली.

सकाळी चुरा.

खोलीत चौकट नाही. खोलीत आम्हीच आहोत.

११ फेब्रुवारी

सुंदररावांच्या फोनवरून मॅडमना सगळं सांगितलं. आत चौकट, खोटे गुरुवार, सगळं. रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, माझा घसा कितीतरी दिवस झाले कोरडा पडतोय, भिमाबाई. मग म्हणाल्या, घरी माझी मुलगी आहे — आणि फोन ठेवला.

आष्टीकडचं विचारायचं राहिलं.

१५ फेब्रुवारी

यंदा ऊसच नाही, पट्टा लवकर पडतोय, तोडणी संपून माणसं परततायत. मावशींची सून फडातच बाळंत झाली. मुलगा. उद्या ट्रॅक्टर येतोय.

मावशींनी नवं दुपटं काढून ठेवलंय.

मी त्यांना सांगितलं. दुपट्याला हात न लावता, लांबूनच. मावशी, ते आता आपल्यात आहे. आपण ज्याच्याजवळ जाऊ त्याचं — लेकरू म्हणजे नुसतं पाणी असतं, मावशी.

त्यांनी दुपट्याची घडी मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाल्या, म्हंजे मी त्याला बघायचं बी न्हाई?

बघायचं, लांबून, असं मी म्हटलं.

रडल्या. म्हणजे तोंड रडल्यासारखं झालं.

१६ फेब्रुवारी

सगळे आत आहोत. कडी आतून. मावशी दाराला पाठ लावून बसल्यात, स्वतःहून. मी त्यांच्याजवळ, वही गुडघ्यावर. सुंदररावांना निरोप दिलाय, कोणालाही इकडे येऊ देऊ नका. लागण आहे म्हणून सांगा.

ट्रॅक्टरचा आवाज.

सून आली. निरोप तिला मिळालेला दिसत नाही. दार वाजवते आहे. आत्याबाई, उघडा की, नातू बघा तुमचा. मावशींनी तोंडात पदर कोंबलाय.

मी ओरडून सांगितलं, लांब हो बाई, लेकराला लांब ने. घशातून आवाज निघाला नाही. शिळ्या भाकरीसारखं काहीतरी मोडलं आत.

ती समजतेय आम्ही आजारी. म्हणतेय, मी पाणी घेऊन येते, तवर ह्याला इथं सावलीत निजवते. उंबऱ्यावर. गोधडी टाकल्याचा आवाज. पावलं लांब गेली.

लेकरू दाराच्या पलीकडे. एका फळीचं अंतर. खाली बोटभर फट.

आम्ही सगळे मागे भिंतीपर्यंत सरकलोय. मावशी सोडून. त्यांना उठता येत नाही. मी ओढतेय — एका हाताने —

रडतंय. चांगलं खणखणीत रडत होतं. आता त्यात —

मावशींच्या गालावरून काहीतरी ओघळलं. ओलं आहे. इतक्या दिवसांनी ओलं. मावशींनी बोट लावून बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझेही ओठ — माझेही ओठ ओले —

बाहेर आवाज बारीक —

मावशी, सरका, मी दार उघडून त्याला लांब — नाही, मी उचललं तर — मग कोण —