संदुकीतली फळी

बैरुत, अश्रफिये
३ मार्च १९९७

ती. वर्दे आत्यास,
सिमआनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उशिराबद्दल रागावशील, पण तू नाहीतरी माझ्यावर रागावलेलीच आहेस, तेव्हा त्यातच हेही उरकून घे. टेलिफोन करणार होतो. मग आठवलं, की टेलिफोनवर तुला मनासारखं रागावता येत नाही आणि मग तुझं डोकं दुखतं.

'संदूक' सुरू झालं. बाबांच्या माळ्यावर आजोबांची संदूक सापडली, तिच्यावरूनच हॉटेलाचं नाव. लोक जेवायला येतात आणि घास हातात धरून छताकडे बघत बसतात. आजोबांचं धूपदान दारातच साखळ्यांनी टांगलंय, आत बल्ब आहे. जुन्या बाजारातून पाद्र्यांचे मिस्साच्या उपासनेचे झगे ठेवायचं एक लांबलचक कपाट आणलं, त्याच्यावर अरकच्या बाटल्या मांडल्यात. एका चर्चमधली कबुलीजबाबाची लाकडी खोली मिळाली, तिच्यात टेलिफोन बसवलाय. पूर्वी जिथे माणसं खरं बोलायची, तिथून आता बायकोला सांगतात की ऑफिसात अडकलोय.

तू हसली नाहीस, माहीत आहे मला. धूपदानात बल्ब लावल्याचं ऐकून तू म्हणालीस म्हणे, की त्या दारातून मी आत पाऊल टाकणार नाही. आत्या, आई गेल्यावर मला तू वाढवलंस. सगळं अश्रफिये येऊन जेवून गेलं आणि तू आली नाहीस, तर माझ्या लेखी हे हॉटेल अजून उघडलेलंच नाही.

सोबत फोटो पाठवतोय. खिडकीजवळचं टेबल आहे, सगळ्यांना हवं असतं ते. त्यावर आजीची फळी बघ, पवित्र भाकरी थापायची, मधोमध क्रॉस कोरलेली. संदुकीत अगदी तळाशी होती. ऑलिव्हच्या तेलानं घासून चकचकीत केली. आमची स्वयंपाकीण आराक्सी तिच्यावर चीज आणि अक्रोड असे मांडते, की मोडवत नाही.

राग थोडा आवरून लोभ थोडा वाढवावा, ही विनंती.

तुझा
सिमआन


कुबय्यात
१० मार्च १९९७

चि. सिमआन यास,
वर्दे आत्याचे अ. उ. आ.

आशीर्वाद आधी लिहून टाकले. पुढे लिहायला जमतील की नाही, सांगता येत नाही.

फोटो पाहिला. चष्मा पुसून पाहिला, मग खिडकीशी नेऊन पाहिला. गाढवा, ती भाकरीची फळी नाही. तुझ्या आजीची फळी गोल होती, आणि ती आपल्या डोंगरावरच्या गावी, ऐन-झारूरला राहिली आणि घरासकट गेली. तू जिच्यावर चीज ठेवलंयस ती तबलीत आहे. बिशपनं पवित्र तेल लावून दिलेली. मिस्साच्या वेळी भाकरी आणि द्राक्षरस तिच्यावर ठेवतात. ती असली की स्वयंपाकघरातल्या टेबलाचीसुद्धा वेदी होते. तुझ्या आजोबांनी पाद्री होण्याआधी लग्न केलं म्हणून तू ह्या जगात आलास, आणि पाद्र्याच्या नातवाला एवढं ठाऊक नसावं! वर तिला तेल चोळलंस. बरं झालं, निदान तेलाची तिला सवय आहे.

लढाईत गाव सोडलं त्या दिवशी ज्यानं त्यानं हाताला लागेल ते उचललं. मी शिवणयंत्र घेतलं, तुझ्या बापानं रेडिओ घेतला. माझ्या बाबांनी फक्त ही फळी घेतली, झग्याच्या आत, पोटाशी धरून; संदूक नि धूपदान नंतर घेतलेलं. पुढच्या रविवारी, जिथे आम्हाला उतरवलं होतं त्या शाळेत, मुलांच्या बाकावर ती ठेवून त्यांनी मिस्सा केला. सगळं गाव चटयांवर बसलं होतं. त्यानंतर गाव असं एका जागी कधी बसलंच नाही. कोणी झूकला गेलं, कोणी ऑस्ट्रेलियाला. बाबा वारले तेव्हा फळी बिशपकडे पोचवली, असं तुझ्या बापानं मला सांगितलं होतं. पोचवायची म्हणून ठेवली असेल आणि विसरला असेल. त्याच्या डोक्यात रेडिओखेरीज काही राहत नसे, देव त्याला सुखात ठेवो.

आता नीट ऐक. तिच्यावरचं चीज काढ. उपासाच्या दिवसांत चीज! आणि उपासात हॉटेल उघडायचा मुहूर्त तुला काढून तरी कोणी दिला? फळीला हात लावू नकोस. पाद्र्यावाचून तिला कोणी हात लावत नाही. माझ्या आईनं जन्मभर घरातला कोपरा न कोपरा पुसला, पण ती फळी कधी पुसली नाही.

मला एकच हवंय. त्या फळीवर पुन्हा एकदा मिस्सा व्हावा, आणि तो मी माझ्या डोळ्यांनी बघावा. ती गेली असं समजून मी इतकी वर्षं गप्प बसले होते. आता आहे म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

तब्येतीला जप. आराक्सीला सांग, चीज सुंदर मांडलं होतं, तिचा दोष नाही. आशीर्वाद आहेतच, माया आटलेली नाही.

तुझी
वर्दे आत्या


बैरुत
१७ मार्च १९९७

ती. आत्यास,
सिमआनचा सा. न. वि. वि., कान धरून.

तुझं पत्र पोचलं तेव्हा फळी खिडकीजवळच्या टेबलावरच होती, त्यामुळे ती अजून तिथेच आहे. आराक्सीनं चिमट्यानं एकेक तुकडा चीज उचललं. शेवटचा अक्रोड निघेपर्यंत सगळ्यांनी श्वास रोखला होता. वर एक स्वच्छ मलमल पसरलीय आणि माझं सगळ्यात चांगलं टेबल बंद आहे. गिऱ्हाइकांना वाटतं, कोणी मंत्री येणार आहे. खरं सांगावं तर हसतात आणि खोटं सांगावं तर तुझी भीती वाटते. आमचा वाढपी महमूद सैदा शहरचा, मशिदीत जाणारा. तो त्या टेबलावरून जाताना आवाज खाली करतो. त्याला कोणी तसं सांगितलेलं नाही.

इथल्या चर्चच्या पाद्र्यांना बोलावलं होतं. ते म्हणाले, बिशपच्या वाड्यात जुन्या वस्तूंसाठी एक खोली सजवतायत. फळी काचेच्या पेटीत ठेवू, वर छोटा दिवा लावू, खाली 'खूरी मन्सूर' असं आजोबांचं नाव पाद्रीपदासकट लिहू. मला ते बरं वाटलं, पण तुला विचारल्याशिवाय हो म्हटलं नाही.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. फळीवर सुरीचे वार आहेत. चीज कापताना झालेले, क्रॉसवरूनसुद्धा गेलेले. पाद्र्यांनी ते बघितले. आता तिच्यावर मिस्सा चालेल की नाही, हे त्यांनाही सांगता येईना. आत्या, मला फार वाईट वाटतंय. रागाव, पण माझ्याशी बोलणं सोडू नकोस.

तुझाच
सिमआन


कुबय्यात
२२ मार्च १९९७

चि. सिमआन यास,
अ. उ. आ.

पेटीबिटी काही नको. तू बल्ब लावलास, ते छोटा दिवा लावणार. तुझ्याकडे शोभा, तिथेही शोभाच. तुझ्याकडे निदान माणसं जेवतात.

झूकला अबूना तूमा असतात, आपल्याच गावचे. बाबांच्या हाताखाली शिकून पाद्री झाले. आता मुलाकडे राहतात आणि ऐकू कमी येतं, तेव्हा ओरडून बोल. फळीचं काय होणार ते तेच सांगतील. दारूच्या दुकानात येणार नाही म्हणतील. म्हणू देत. खूरी मन्सूरची फळी म्हटल्यावर येतील.

वारांचं वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. तुझ्यावर रागावले नाहीये. मोठ्या रागाला जो जोर लागतो तो ह्या वेळी नाही माझ्यात. जे कळेल ते लगेच लिही.

तुझी
आत्या


बैरुत
३१ मार्च १९९७, पुनरुत्थानाचा सोमवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि सणाच्या शुभेच्छा. मिळेल, आत्या, फळीवर तुला तुझा मिस्सा मिळेल!

आता शांतपणे लिहितो. अबूना तूमा आले. दारातच थांबले, धूपदानातल्या बल्बकडे बघत राहिले. मी आता बोलणी खायच्या तयारीत उभा, तर म्हणाले, की खूरी मन्सूर कायम कुरकुरायचे चर्चमध्ये उजेड कमी म्हणून, त्यांना आवडलं असतं. मग आत आले. कबुलीजबाबाच्या खोलीत कोणीतरी टेलिफोनवर तावातावानं बोलत होतं. अबूना म्हणाले, ह्याला प्रायश्चित्त मोठं द्यावं लागणार.

मी मलमल काढली, तशी त्यांनी दोन्ही हातांनी फळी उचलली, उलटी केली, मागे कोरलेला बिशपचा मजकूर बोटानं वाचला. वारांवरून अंगठा फिरवला, क्रॉसवरून जास्तच सावकाश. मग बहिरी माणसं बोलतात तसं सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाले, की ओरखडली आहे, मोडलेली नाही. दोन तुकडे झाले असते तर जाळून राख पुरावी लागली असती. ओरखडे कोणाला नसतात? आराक्सी स्वयंपाकघरात रडायला लागली. कांदा चिरतेय म्हणाली, पण समोर काकड्या होत्या.

बिशपची परवानगी अबूनांनीच काढली. येत्या रविवारी, सणानंतरच्या 'नव्या रविवारी' सकाळी, त्याच टेबलावर मिस्सा. आपल्या गावच्या लोकांना त्यांनी कळवलंय. तेव्हापासून टेलिफोन थांबत नाही, आणि जो तो हेच विचारतो की येताना काय करून आणू. मी म्हणतो, अहो हॉटेल आहे माझं! कोणी ऐकत नाही.

महमूद गाडी घेऊन शनिवारी तुझ्याकडे येईल. तुझ्या पावलांविषयी मी काही बोलत नाही. गाडी मात्र दाराशी उभी राहील.

तुझा
सिमआन


कुबय्यात
९ एप्रिल १९९७

चि. सिमआन यास,
आत्याचे अ. उ. आ., ह्या वेळी शेवटपर्यंत पुरतील इतके.

सुखरूप पोचले. तुझा महमूद फार गुणी आहे. वाटभर त्यानं मला त्याच्या आजीच्या गोष्टी सांगितल्या आणि ह्या डोळ्यांना पाणी कशाचं, हे एकदाही विचारलं नाही.

येताना मी एक पिशवी आणली होती, ती तू पाहिली असशील. तिच्यात धुतलेली चादर होती. मिस्सा झाला की अबूनांकडून फळी तिच्यात ठेवून घ्यायची आणि इथे घेऊन यायची, असं मी घरूनच ठरवून निघाले होते. माझ्या बापाची वस्तू, मी सांभाळीन.

पण तुझ्या टेबलांवर आपली माणसं दाटीवाटीनं बसलेली पाहिली. तू धूपदानातला बल्ब काढून निखारे घातलेस आणि अर्धा कोळसा विजारीवर सांडलास. अबूनांनी मेलेल्यांची नावं घेताना बाबांचं नाव पहिलं घेतलं, आणि मागून कोणीतरी मोठ्यानं हुंदका दिला. वळून पाहिलं तर बशारा न्हावी! जन्मभर बाबांशी भांडत आला तो. मिस्सानंतर तुझ्या आराक्सीचं जेवण पडून राहिलं आणि सगळ्यांनी एकमेकांच्या डब्यांतलं खाल्लं, त्याबद्दल तिची माफी माग. जाताना जो तो विचारत होता, की पुढचा मिस्सा कधी.

अबूनांनी मला विचारलं, की फळी बिशपकडे, तुझ्याकडे, का कुठे. पिशवी माझ्या हातातच होती. मी म्हणाले, इथे. त्या झग्यांच्या कपाटाचा वरचा खण रिकामा करायला लाव सिमआनला, अरक खाली जाऊ दे. महिन्याच्या पहिल्या रविवारी काढायची, मिस्सा झाला की परत ठेवायची. ऐन-झारूरच्या चर्चवर छप्पर चढेल तेव्हा बघू. अबूना फळी खणात ठेवत होते आणि तू माझ्याकडे असा बघत होतास, लहानपणी मी शाळेत घ्यायला यायची तेव्हा बघायचास तसा.

बाळा, इतकी वर्षं मला वाटत होतं, की आमचं घर त्या डोंगरावरच संपलं. ते संपलेलं नाही. रविवारी मी त्याच्यात जेवून आले.

मे महिन्याचा पहिला रविवार जवळ येतोय. मला बोलावणं पाठवू नकोस. आपल्या घरी यायला बोलावणं लागत नाही.

तुझी
वर्दे आत्या