माकडांनंतर आमचं घर

पेटे, झांझिबार
मंगळवार, दुपार

वूआय, सलाम.

तू अजून आंब्याखाली गाडी मागे घेतोयस, तुझे पर्यटक पाहुणे खिडकीतून हात हलवतायत, आणि मी कागद घेऊन बसले आहे. फोन केला की तू पाहुण्यांसोबत असतोस. आम्ही बऱ्या आहोत. रताळी काढून झाली. आईचा गुडघा तसाच.

सांगायचं एकच. शुक्रवारी आईला शहरात न्यायला येतो म्हणालास. येऊ नकोस. बाबांना जाऊन दोन महिने झाले. विधवेने चार महिने दहा दिवस घरात बसायची इद्दत अर्धी बाकी आहे, ती आई याच घरात पुरी करेल.

आज काय केलंस ते लिहिते, म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही. सकाळी जंगलात लाल माकडं दाखवलीस, मग खारफुटीतला लाकडी पूल, आणि मग कुणाला न विचारता आपलं घर. आत विधवा बसलेली, अंगणात परके पुरुष. नुसत्या बायका आणल्या असत्यास तर मी चहा दिला असता. आईला मी मागच्या खोलीत सारलं आणि दारात उभी राहिले. एका माणसाने माझाच फोटो काढला.

वर तुझं भाषण. म्हणे दोनशे वर्षांपूर्वीचं घर, सुलतानाच्या खजिनदाराचं. तू रांगत होतास तेव्हा बाबांनी हे घर बांधलं. चुना भाजताना त्यांचा हात पोळला, तो डाग तू रोज जेवताना पाहिलास.

तेव्हा आतून आई बोलली. तुला ते फार आवडलं.

"वूआय, लोकांना खोटं सांगू नकोस. खजिनदार कसला, माझ्या नवऱ्याकडे धड सदरा नव्हता."

तू ते त्यांच्या भाषेत सांगितलंस. ते हसले. त्यांच्यातली एक म्हातारी बंद दाराशी आली आणि तिने तुझ्याकरवी विचारलं, कसा होता तुमचा नवरा? मग आई थांबेचना. माकडं शेतात शिरली की बाबा डबा वाजवायचे. माकडांना त्याची इतकी सवय झाली की डबा वाजला की ती जेवायला यायची. पाहुणे हसले. आईही हसली.

मी दाराला तोंड लावून म्हटलं, "पुरे आता. लोक ऐकतायत."

"ऐकू दे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी विचारलं."

"इद्दत आहे, आई."

"कुणाची? त्याचं तर तू नावही काढू देत नाहीस."

हे तू ऐकलं नसशील. ऐकलं असलंस तरी मला फरक पडत नाही. नाव काढलं की ती रडते. रडली की जेवत नाही. तेव्हा ताटापाशी मी बसलेली असते, तू नाही. तू येतोस, हसवतोस आणि गाडी वळवून जातोस. शहरात नेऊन तरी काय करणार? रोज नवे पाहुणे आणून तिच्याकडून डब्याची गोष्ट सांगून घेशील.

तिला जायचं आहे का, हे विचारायला येऊ नकोस. मी विचारलं आहे. तिने उत्तर दिलं नाही.

बुधवार, सकाळ

उत्तर दिलं. पहाटेच्या नमाजानंतर तिने कपडे बांधले आणि म्हणाली, मला बसमध्ये बसवून दे. वूआयची गाडी शुक्रवारी येईल, तोवर मी थांबत नाही.

"गाव काय म्हणेल?" मी म्हटलं.

"म्हणेल, थोरली ऐकत नव्हती, धाकट्याकडे गेली."

मी तिला बुरखा घालून रस्त्यापर्यंत घेऊन आले आहे. बस आली की बायकांच्या बाजूला बसवेन. हे पत्र तिच्याच पिशवीत ठेवते आहे. वरचं काही खोडलेलं नाही.

तिची इद्दत तुझ्या घरात मोडली तर मला तोंड दाखवू नकोस. पुरुष तिच्यासमोर आणू नकोस. बायकांनी विचारलं तर तिला बोलू दे.

बाबांच्या घरची,
म्वानाखेरी