रिकाम्या घरापुढची खूण

ट्रस्क काउंटी, नेब्रास्का
११ एप्रिल १९९०

ती. अल्बिनाताईस,
वेल्माचा सा. न. आणि मग तक्रारी, कारण या आठवड्यात माझ्याजवळ दुसरं काही साठलेलं नाही.

शिरगणतीचं काम घेतलं तेव्हा तू म्हणाली होतीस की बासष्टाव्या वर्षी मला कुत्री चावून घ्यायची हौस आली आहे. कुत्री परवडली गं. माणसं सापडतच नाहीत! सातशे चौरस मैलांची आपली काउंटी, आणि सगळे मिळून बाराशे डोकी भरतील की नाही कोण जाणे. काल बेचाळीस मैल खडीच्या रस्त्यावर गाडी हाणली, गुरांची पाच फाटकं उघडली नि लावली, आणि मिळाला कोण? म्हातारा बोहुमिल साइफर्ट, एकटा. तोही म्हणाला की गाई मोज, त्या तरी वाढताहेत.

वरून आलेला नकाशा कुणी काढलाय देव जाणे. ओढ्यावरचा पूल त्यात अजून उभा आहे, आणि जिथं घर दाखवलंय तिथं नुसती पवनचक्की. मी आता झाडांच्या रांगा बघत जाते. वाऱ्याला अडवायला लावलेली सीडरची रांग दिसली की तिथं कधीतरी घर होतं असं समजायचं. आता रांगा उदंड आहेत, घरं नाहीत.

तुझ्याही घरी जाऊन आले. कुलूप नीट आहे. नियम असा की एक एप्रिलच्या सुमारास माणूस जिथं राहतो, झोपतो, तिथं तो मोजायचा. तू जानेवारीपासून शेजारच्या काउंटीत, डोरन्सच्या वृद्धाश्रमात, म्हणून तुझी गणती तिथं. तुझ्या घरापुढं मी 'रिकामं' लिहिलं. नुसतं कागदावरचं आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

लोभ असू दे, नाहीतर निदान उत्तर तरी असू दे.
वेल्मा

डोरन्स
१६ एप्रिल

चि. वेल्मास,
आशीर्वाद देतेय तो सवयीनं.

रिकामं? माझं घर रिकामं? वेल्मे, त्या घरात मी लग्न होऊन आल्यापासून दर शिरगणतीला माझं नाव लागलंय. तळघरात माझ्या काकड्यांच्या बरण्या आहेत, कपाटात माझ्या नवऱ्याचा, इडनचा कोट आहे. इथं माझी एक सूटकेस आणि एक उशी. मांडीचं हाड मोडलं म्हणून माणूस काउंटी बदलतो का? जूनमध्ये मी घरी येणार. डॉक्टरांनी काठी दिली ती भिंतीला टेकवून ठेवायला नाही.

आणि मोजायचं तर डोरन्समध्ये? ज्यांनी आपल्या शाळेला एकोणीस वर्षं फुटबॉलमध्ये धूळ चारली, त्यांच्यात मला घालतेस? आपलं हायस्कूल बंद करून मुलं इकडं पाठवायच्या गोष्टी इथल्या जेवणघरातही चालतात, आणि ही माणसं मिटक्या मारत बोलतात. त्यांच्या पदरात मी एक डोकंसुद्धा टाकणार नाही. इथली मोजणारी बाई आली होती. मी तिला सांगितलं की मी ट्रस्कची, आणि तिचा कागद कोरा परत दिला.

तेव्हा तो शब्द खोड आणि माझं नाव लिही. मोठ्या बहिणीचं एवढं ऐकशील अशी खात्री आहे, आणि ऐकणार नसलीस तरी लिहीच.
अल्बिना

ट्रस्क काउंटी
२३ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नाही लिहिता येणार. मी हात वर करून शपथ घेतलीय. गेले दोन आठवडे सगळी काउंटी मला हेच मागतेय. ओटो व्हानेकनं लिंकनला कॉलेजात असलेले दोन्ही मुलगे लिहायला सांगितले. मार्सेला पोलाकनं तर डेन्व्हरला लग्न होऊन गेलेली लेक जावयासकट सांगितली, वर कोलाचीची, त्या गोड पावांची, बशी पुढं केली. मी खाल्ली आणि दोघांनाही खोडलं. आता दुकानात माझ्याशी कुणी धड बोलत नाही. डोकी कमी भरली म्हणून शाळा गेली तर ती वेल्मामुळं गेली, असं ओटो उघड म्हणतो. फुटबॉलचा आठ जणांचा संघ उभा करायला आपल्याकडं सातच मुलगे उरलेत, तेही मीच पळवले का? एवढ्या सगळ्यांना नाही म्हणून सख्ख्या बहिणीला हो म्हटलं, तर मला तोंड दाखवायला जागा राहील का?

आणखी एक आहे. दोनदा लिहून फाडलं. रिकाम्या घराच्या कागदावर घर का रिकामं ते विचारतात. थोड्या दिवसांपुरतं, अशी एक चौकट होती. मी तिच्यावर खूण केली नाही, खालच्या, 'कायमचं' असं लिहिलेल्या चौकटीवर केली. फेब्रुवारीत डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुला एकटीनं राहणं आता जमायचं नाही, जूनमध्येही नाही, पुढंही नाही. तुझी न्हाणी वर, चूल खाली, मध्ये चौदा पायऱ्या, आणि माझं घर अकरा मैलांवर. तुला सांगायचं धाडस होईना. दर रविवारी ठरवून यायची, आणि तू पत्ते पिसायला लागलीस की गिळून टाकायची.

शिव्या दे, पण पत्रातून दे, म्हणजे निदान तुझं अक्षर दिसेल.
वेल्मा

ट्रस्क काउंटी
१९ मे

ती. ताईस, सा. न.

चार आठवडे झाले, तुझी ओळ नाही. तीन रविवार मी आले. पहिल्यांदा तू झोपल्याचं सोंग केलंस. दुसऱ्यांदा नर्सकडून सांगितलंस की कुणी पाहुणे नकोत. मागच्या रविवारी त्या डोरन्सवाल्या बायकांत बसून पत्ते खेळलीस आणि मान वर केली नाहीस. मी तासभर बाहेरच्या बाकावर बसून परत आले. रागावण्याचा तुझा हक्क आहे, पण माझाही जीव आहे की नाही?

आता कामाचं. वरिष्ठांचा फोन आला. डोरन्सची बाई विचारते की अल्बिना कोझेल ट्रस्कमध्ये मोजली गेली का. मला सांगावं लागलं की नाही. म्हणजे तू तिथं नाहीस, कारण तू नको म्हणालीस. आणि इथं नाहीस, कारण मी लिहिलं नाही. ताई, सरकारच्या लेखी तू कुठंच नाहीस! साइफर्टचा म्हातारा आहे, ट्रेलरमधला तो दारुड्या आहे, आणि माझी बहीण नाही. मी गाडीत बसून रडले, आधी संतापानं, मग नुसतीच.

ते तुला आणखी एक फॉर्म पाठवतील. तो तुझ्या हातानं भर. काय भरायचं ते मी सांगणार नाही.
वेल्मा

डोरन्स
२८ मे

चि. वेल्मास, आशीर्वाद.

फॉर्म आला. दोन दिवस त्याच्याकडं बघत बसले. पायऱ्याही चढून पाहिल्या, इथल्या, मागच्या बाजूच्या. पाचवीवर थांबले आणि दोन पोरींनी मला खाली आणलं. तेव्हा मी फॉर्म भरला. डोरन्स, खोली क्रमांक एकवीस. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं. यांची संख्या एकानं वाढली, त्याचा मला अजून संताप आहे.

घर रिकामं ठेवू नकोस. शाळेतला तो नवा मास्तर, तीन पोरांचा, भाड्याच्या खोलीत कुचंबतोय म्हणतात. त्याला दे. बरण्या त्याच्या बायकोला दे, इडनचा कोट मात्र मला आणून दे. माझ्या जाण्यानं झाडांची आणखी एक रांग उरायला नको.

ओटोला सांग, माझ्या बहिणीनं मलासुद्धा सोडलं नाही, तर त्याचे मुलगे कोण लागून गेलेत.

पण वेल्मे, खरं लिहिलंस म्हणून माझा राग नाही. मी परत येणार नाही, हे तू आधी सरकारला सांगितलंस, आणि बारा दिवसांनी मला. ते माझ्या मनातून जातच नाही. जाईल तेव्हा कळवीन. तोवर रविवारी येत जा. आत ये, बाहेर बसू नकोस.

तुझी,
अल्बिना