हळू बोल, दुर्गे

सोमवार, ६ एप्रिल

आज क्लिनिकमध्ये एका माणसाची अब्रू घालवली. तीसुद्धा माइकशिवाय!

मेहताकाका बाकड्यावर बसलेले, शेजारी त्यांचे व्याही. मी आपली काउंटरवरून — "काका, तुमची कवळी आली!" केबिन रोडवरचा भाजीवालासुद्धा वळून बघायला लागला. काकांनी ही गोष्ट व्याह्यांपासून लपवलेली, हे मला कोण सांगणार?

डॉक्टर यतीननी आत बोलावलं. "दुर्गा, काम चांगलंय तुझं. पण व्हॉल्यूम?" कायम करायचं की नाही, ते महिनाअखेर ठरवणार म्हणे. ही चौथी नोकरी. आधीच्या तिन्ही ठिकाणी आवाजामुळेच नारळ मिळाला. आता हीही गेली तर काय करायचं, मला खरंच माहीत नाही.

आवाज आईचा आहे. तिने तीस वर्षं आमच्या पालीच्या कोळीवाड्यात मासे विकले. तिथे हळू बोलणारीची टोपली तशीच घरी परत येते.

मंगळवार, ७ एप्रिल

हिना खुर्चीपाशी डॉक्टरांच्या हाताखाली असते, तिने उपाय सांगितला. दातांत पेन्सिल धरून बोलायचं, आवाज आपोआप नरम होतो. घरी करून बघितलं. प्रणितला वाटलं, बायकोला अर्धांगवायू झाला! धावत आला मात्र. नवरा म्हणून एवढं बरं केलं.

पेन्सिल तुटली.

गुरुवार, ९ एप्रिल

पेन्सिल नंबर तीन.

रविवार, १२ एप्रिल

आईकडे पालीला गेले. माझा भाऊ निकेत तोंड फुगवून बसलेला. "आई मुद्दाम करते. दहादा हाक मारा, ढिम्म! फोन उचलत नाय. आरोहीने काय विचारलं तर भलतंच उत्तर." आरोही वहिनी रडवेली. दोघं भायंदरात खोली बघतायत, वेगळं व्हायचं म्हणून. म्हणजे आई त्या घरात एकटी.

मी आईला झापलं. मी झापलं म्हणजे अर्ध्या पालीने ऐकलं. आई म्हणाली, "तुझ्याशी बोलतंय ना मी? मंग झाला."

खरंय. आयुष्यात अनेकांनी मला 'हळू बोल' म्हटलं, आई हल्ली कधीच म्हणत नाही. येताना बसमध्ये फार बरं वाटत होतं. आईची लाडकी मीच! निकेत बसू दे कुढत.

बुधवार, १५ एप्रिल

जमलं! दिवसभर मांजरीसारखी बोलले. डॉक्टर खूश. उरलेला सगळा आवाज घरी येऊन प्रणितवर काढला.

मंगळवार, २१ एप्रिल

दिवाळीबेन आल्या होत्या, सगळे त्यांना बा म्हणतात. ऐंशी वर्षांच्या, जेसल पार्कहून एकट्या रिक्षाने येतात. आज दाढ काढली. डॉक्टरांनी समजावलं — उद्यापर्यंत चूळ भरू नका, गरम काही नको. "हा हा, समझ गई." मान जोरजोरात.

मी काउंटरवरून बघत होते. ज्याला ऐकू आलंय तो एकदा मान हलवतो. ज्याला काही कळलेलं नाही तो चारदा. आईच्या टोपलीमागे बसून मी हे लहानपणीच शिकले. गिऱ्हाईक भाव ऐकून हो म्हणतंय की नुसतंच, ते तोंडावरून ओळखायचं.

उठले, पेन्सिलींचं सगळं शिक्षण चुलीत घातलं आणि मूळ आवाजात — "बा! गरम चाय नहीं! कुल्ला नहीं! कल तक!"

बा दचकल्या. मग माझा हात धरला. "ऐसे कोई बोलता ही नहीं, बेटा. दो बार पूछो तो चिढ़ते हैं. तो मैं हाँ बोल देती हूँ."

मला भरून आलं. तिथेच, सगळ्यांसमोर.

डॉक्टर मागेच उभे होते. गेल्या वेळी दाढ काढल्यावर बा घरी जाऊन गरम चहा प्यायल्या होत्या, रक्त थांबेना. "मला वाटलं, म्हातारी हट्टी आहे," म्हणाले. चेहरा उतरला होता.

शुक्रवार, २४ एप्रिल

कायम!! यापुढे सगळ्या म्हाताऱ्या पेशंटना मी समजावायचं. डॉक्टर म्हणाले, "कुणाला ऐकू आलं नाही, हे मला दहा वर्षांत ओळखता आलं नाही." मी म्हटलं, तुम्ही तोंडाच्या आत बघता ना, बाहेर कुठे! (हे मनात. बहुतेक. हिना हसली, म्हणजे मनात नसावं.)

मोठा आवाज काय, लाउडस्पीकरलाही असतो. पण समोरच्याचं तोंड बघून कळणं, हे माझं स्वतःचं. चौतीस वर्षं बरोबर घेऊन फिरले आणि लाजत बसले. येडी कुठली!

मेहताकाकांनी अजून माफ केलेलं नाही.

रविवार, २६ एप्रिल

पेढे घेऊन पालीला गेले. आई अंगणात बोंबील वाळत घालत होती, पाठ माझ्याकडे. गंमत म्हणून मागे उभी राहून पेन्सिलवाल्या आवाजात म्हटलं, "आई, मी कायम झाले." ती बोंबील टांगत राहिली. पुन्हा म्हटलं. अजून एक टांगला.

मग ओरडले. वळली, हसली.

तिच्या तोंडाकडे बघत, हळूच विचारलं, "आई, कधीपासून ऐकू येत नाही?"

"हां हां, बरा हाय," म्हणाली. आणि मान हलवली. चारदा.